‘यादी आदल्या रात्री दिली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून बुक केलेल्या मुंबई-गोवा क्रूझवर पहिल्या संध्याकाळी पोरांना पूलमध्ये उतरता आलं नाही, गेटवर इस्त्री काढून घेतली, वहिनींची चिडचिड झाली, याचं मनापासून वाईट वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत एवढा खर्च करून गेल्यावर असं व्हायला नको होतं. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागते.

पण तुम्ही लिहिलंय, "काय न्यायचं, काय नाही याची यादी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर टाकली आणि कमिशन घेऊन मोकळे झाले." हे वाक्य मला फार लागलं, कारण तसं झालेलंच नाही. आदल्या रात्री आला तो आठवणीचा मेसेज. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघायच्या आदल्या रात्री घरोघरी बॅगा भरणं चाललेलं असतं, म्हणून मुद्दाम त्या वेळेला तो पाठवतो. यादी त्याच्या कितीतरी आधी, बुकिंगच्या पावतीबरोबरच पिवळ्या पाकिटात दिली होती. पाकीट न्यायला तुमचा पुतण्या आला होता. त्याच्यासमोर मी यादी उघडली आणि ‘इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नये’ या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारून दिली. तीच यादी त्याच संध्याकाळी तुमच्या नंबरवरही पाठवली, निळ्या टिक आलेल्या आहेत. पोराला बोल लावायचा नाही मला. घाईत पाकीट कुठंतरी राहून गेलं असेल. पण म्हणून यादी दिलीच नाही असं कसं म्हणता येईल?

इस्त्रीचा नियम आमचा नाही, जहाजाचा आहे. भर समुद्रात आग लागली तर बंब कुठून येणार? म्हणून असली तापणारी वस्तू स्कॅनरमध्ये दिसली की ती बाजूला काढतात. कपड्यांना इस्त्री जहाजाच्या लाँड्रीत पैसे देऊन करून मिळते, तेही यादीत आहे.

आता बॅगांचं, म्हणजे पोरांचे पोहायचे कपडे वेळेवर हाताशी का नव्हते त्याचं. मुंबईत बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर मोठ्या बॅगांना केबिन नंबरचा टॅग लावून त्या ताब्यात घेतात. मग शेकडो बॅगा तपासून एकेक करून केबिनच्या दारात आणून ठेवतात. त्याला संध्याकाळ होते, कधी जहाज सुटल्यावरही बॅग येते. ते आमच्या हातात नसतं. म्हणूनच निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्या मंडळींना ऑफिसात बोलावतो आणि टेबलावर नमुन्याची हँडबॅग उघडून दाखवतो. वरच्या कप्प्यात मूळ आधारकार्ड, रोजची औषधं, मळमळीच्या गोळ्या, चार्जर. खाली पोरांचे पोहायचे कपडे, अंगावरचा एक जादा जोड आणि रबरी चप्पल. कोल्हापुरी पायताण गोव्यात खुशाल मिरवा, पण ओल्या डेकवर चामडं भिजतं आणि पाय घसरतो, हे मी प्रत्येकाला सांगते. त्या रविवारी तुमच्या घरात साखरपुडा होता, येणं जमलं नाही, हे समजू शकते. मी फोनवर सगळं सांगायला तयार होते. तुम्हीच म्हणालात, "त्यात काय एवढं, बॅगाच तर भरायच्यात."

शाहूपुरीतलं आमचं ऑफिस लहान आहे. मोबाईलवर घरबसल्या बुकिंग होत असताना माणसं आमची पायरी चढतात, ती इथं कुणीतरी बसवून नीट सांगतं म्हणून. तुम्ही नेमकं त्यावरच बोट ठेवलंत, म्हणून एवढं लिहावं लागलं. हल्ली नवीन गिऱ्हाईक आधी तारे बघतं, मग फोन करतं. एका ताऱ्याचा फटका आम्हाला बसतो.

यापुढे रविवारी जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठीही काहीतरी सोय करायचा विचार चाललाय, फोनवर म्हणा किंवा घरी येऊन म्हणा. काढून घेतलेल्या वस्तू उतरताना परत देतात. तुमची इस्त्री मिळाली नसेल तर पावतीचा फोटो पाठवा, मी स्वतः मागे लागते.

तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. पण पाकीट एकदा घरात शोधा, आणि सापडलं तर यादी आदल्या रात्री दिली एवढं वाक्य तेवढं काढा.