ऑडॅसिटीवरचा आक्षेप आता जुना झाला

आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायच्या सॉफ्टवेअरवरचा लेख चांगला आहे, पण हौशी माणसाला थेट मल्टिट्रॅक (एकावर एक अनेक आवाज जोडता येणाऱ्या) स्टुडिओ सॉफ्टवेअरकडे पाठवायचा त्यातला सल्ला काही पटला नाही. एकट्याचा आवाज रेकॉर्ड करायचा, चुका कापायच्या आणि एमपी३ काढायची, एवढंच काम असेल तर ओशनऑडिओ (ocenaudio) हे साधं एडिटिंग सॉफ्टवेअर पुरे. फुकट आहे (ओपन सोर्स मात्र नाही), विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि इफेक्टची (आवाजात करायच्या बदलाची) सेटिंग बदलताना फरक तिथल्या तिथे ऐकू येतो. मागे संगीत घालायचं म्हटलं की ते तोकडं पडतं. तिथे ऑडॅसिटी (Audacity) हे एडिटिंग सॉफ्टवेअरच.

आता ऑडॅसिटीबद्दल. 'एकदा इफेक्ट लावला की मूळ आवाज बदलतो' असं लेखात म्हटलंय, पण २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून रिअल-टाइम इफेक्ट आलेत, म्हणजे मूळ आवाज न बदलता वाजतानाच लागणारे. हवे तेव्हा चालू-बंद करा. नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारा इफेक्ट) मात्र जुन्याच, मूळ आवाज बदलणाऱ्या पद्धतीचं. आधी बोलणं नसलेला, नुसत्या पंख्याच्या घरघरीचा तुकडा निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' करायचं, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून इफेक्ट लावायचा. म्हणून रेकॉर्डिंग सुरू केल्यावर चार-पाच सेकंद गप्प बसा, तोच तुकडा कामाला येतो. आणि गोंगाट किती कमी करायचा तो आकडा फार ताणू नका, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं!

नवख्यांसाठी आणखी एक: 'सेव्ह' केल्यावर होते ती एयूपी३ प्रोजेक्ट फाइल. ती मित्रांना पाठवलीत तर साध्या प्लेअरवर वाजणार नाही. एक्स्पोर्टच करावं लागतं.