रशियाच्या लसीपायी किमो सोडू नका

मावशीची किमो निम्मी झाली आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "रशियात लस निघाली म्हणे. मग उरलेल्या सायकल कशाला घेऊ?" तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: रशियाने कॅन्सरवर लस शोधली, चाचणीत १००% यशस्वी, एका इंजेक्शनात सगळे कॅन्सर बरे, किमोची गरज संपली, सगळ्यांना मोफत, अमेरिकन कंपन्या बातमी दाबतायत.

"किमोची गरज संपली" हे लिहिणाऱ्याने कधी कॅन्सर वॉर्डात पाऊल तरी टाकलंय का? दोन सायकलमधलं अंतर मोजूनमापून ठरवलेलं असतं. निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा, कॅन्सरच्या पेशींना मात्र उसंत मिळू नये, असा तो हिशेब. स्वतःच्या मनाने मध्येच थांबलं की उसंत नेमकी त्यांनाच मिळते.

एमआरएनए, म्हणजे पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, वापरून कॅन्सरवर लस बनवायचं काम जोरात चाललंय, हे खरं. तेवढं मान्य करावंच लागेल. मॉडर्ना आणि मर्क या औषध कंपन्यांच्या लसीची चाचणी जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचे १५७ रुग्ण होते. सगळ्यांची गाठ आधी शस्त्रक्रियेने काढलेली. काहींना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारं औषध दिलं, काहींना त्याच्या जोडीला लस. दीड वर्षानंतर कॅन्सर न उलटलेले लस गटात ७९%, दुसऱ्या गटात ६२%. आकडे चांगलेच आहेत. पण १००% कुठे दिसतात? आणि शस्त्रक्रिया, औषध हे सगळं करूनच लस दिली होती, त्याऐवजी नव्हे.

"एका इंजेक्शनात सगळे कॅन्सर" याचाही निकाल तिथेच लागतो. ही लस प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले जनुकीय बदल वाचून त्याच्यापुरतीच बनवतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णालाही ती चालणार नाही.

मग रशियाचे १००% आले कुठून? सप्टेंबर २०२५ मध्ये व्लादिवोस्तोकच्या आर्थिक परिषदेत तिथल्या सरकारी संस्थेच्या प्रमुखांनी लस तयार असल्याचं सांगितलं, पण ते प्रीक्लिनिकल चाचण्यांच्या आधारावर. म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या आधीची पायरी. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमका तोच शब्द गाळला.

मोफत? हो, रशियातल्या रुग्णांना, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. "सगळ्यांना" हा शब्द इथल्या कुणाच्या तरी औदार्याचा.

आणि दाबादाबी म्हणाल, तर या सगळ्या लसींच्या मुळाशी असलेला कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा शोध (एमआरएनएत बदल केला की शरीर त्याला शत्रू समजून भडकत नाही) २००५ मध्येच शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला, २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभरच्या प्रयोगशाळा त्यावरच पुढचं काम करतायत, रशियातल्याही. ज्या अमेरिकेवर हा आरोप आहे, ते काम झालं तिथल्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात.

मावशीची पुढची सायकल सोमवारी आहे. लसीबद्दल काय ते तिच्या ऑन्कॉलॉजिस्टला तिथेच विचारू.