टेल कोरडं म्हणजे चोरीच? त्या मेसेजचं गणित

भीमेवरच्या उजनी धरणाचं आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडायचं पाणी, सुटायची चर्चा सुरू झाली की सोलापूर जिल्ह्यात एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा (टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, हेड म्हणजे सुरुवातीचं; एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट): ‘धरणात 117 टीएमसी पाणी. भागिले एकर करा, सगळ्यांना पुरून उरतं. तरी टेल कोरडं, म्हणजे हेडवाल्यांची चोरी. शहराला लागतं दीड टीएमसी, सोडतात चौपट. कॉम्प्युटरवर मॉडेल बसवा, सगळ्यांना सारखं पाणी मिळेल.’

117 चा आकडा खोटा नाही, पण त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी वाटपात न धरल्या जाणाऱ्या मृत साठ्यात जातं. वाटपाचा हिशेब उरलेल्या साडेत्रेपन्नाचा. मृत साठाही उतरायला लागला की ‘उजनी वजा 20 टक्के’ अशी बातमी येते ती याच मोजणीमुळे.

भागाकार फसतो तो कालव्यात. 1000 क्युसेकने (सेकंदाला 1000 घनफूट) 1 टीएमसी सोडायला साडेअकरा दिवस लागतात. सुरुवातीचं पाणी कोरडा तळ भिजवण्यात आणि कालवा भरण्यातच जातं. पुढेही पाझर ठरतो तो किती पृष्ठभाग भिजला आणि किती दिवस भिजला यावर. म्हणून 2000 क्युसेक 10 दिवस आणि 1000 क्युसेक 20 दिवस, धरणातून गेलेलं पाणी सारखंच, पण दुसऱ्या पद्धतीत शेतापर्यंत कमी पोचतं. आवर्तन लांबवा म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता चोरीचा आरोप. चोरी होते, भरावावरून टाकलेले पाइप कुणाला दिसत नाहीत असं नाही. पण एकही पाइप नसला तरी टेल मार खाऊ शकतं. मायनरमध्ये, म्हणजे छोट्या उपकालव्यात, 1.2 मीटर पाणी वाहतंय आणि हेडच्या एका दाराचा मध्य तळापासून 20 सेंटिमीटरवर आहे असं धरा. दारावर दाब 1 मीटरचा. वरून पाणी कमी झालं, पातळी निम्म्यावर म्हणजे 60 सेंटिमीटरवर आली. रुंद कालव्यात विसर्ग खोलीच्या साधारण पावणेदोन घातानं बदलतो, म्हणजे तो तिसऱ्या हिश्शाच्याही किंचित खाली येतो. दाराचा विसर्ग मात्र दाबाच्या वर्गमुळानं घटतो. दाब उरला 40 सेंटिमीटर, तरी दार पहिल्याच्या 63 टक्के पाणी घेत राहतं. वरची सगळी दारं अशीच घेत गेली की पुढे सरकायला उरतं काय? दाराला कुणी हात लावलेला नाही, पाणी सोडणारा पाटकरी प्रामाणिक आहे, तरी शेवटची चारी कोरडी. त्यात कुणी मायनरमध्ये फळी आणि चार पोती टाकून पातळी वीतभर चढवली की त्याच्या दाराला जास्त आणि खालच्याला आणखी कमी. मंजूर उपसावाल्यांचं, म्हणजे परवानगीनं मोटारीवर पाणी उचलणाऱ्यांचं, वेगळंच: थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदमच सुरू होतात आणि खालची पातळी तेवढ्या वेळापुरती बसते. कालव्याच्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये विजेचं वेळापत्रक घातलं नाही तर तो खड्डा चोरीसारखाच दिसतो.

चोरी पकडायची असेल तर आधी चोरीविना टेलला किती पोचायला हवं होतं ते काढावं लागेल. त्यासाठी प्रत्येक मायनरच्या हेडला आणि टेलला पातळी दाखवणारी गेज पट्टी हवी आणि पाळीच्या, म्हणजे पाणी सुटलेल्या, दिवसांत तिची नोंद हवी. पट्टी शेवाळलेली, नोंदवही ऑफिसात बसून भरलेली असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर आणा, आत कचरा टाकून बाहेर शेजपाळी, म्हणजे ओळीनं पाणी द्यायचा क्रम, यायची नाही.

शहराचं गणितही अर्धवट आहे. रोज 10 कोटी लिटर धरले तरी वर्षाचे सव्वा टीएमसीच होतात, हे बरोबर. पण सोलापूरला पाणी पुरवणारा औज बंधारा भरायला भीमेतून पाणी सोडलं की शंभराहून जास्त किलोमीटरची वाळू, बंधारे आणि काठच्या मोटारी ओलांडून ते यावं लागतं. म्हणून एका वेळेला पाच-सहा टीएमसी सोडावे लागत आले आहेत. याचा राग सोलापूरकरांवर काढण्यात अर्थ नाही. थेट जलवाहिनीची मागणी याच नासाडीतून आली.

‘सगळ्यांना सारखं’ हे मॉडेल ठरवत नसतं. सारखं एकराला की खातेदाराला? बारमाही उसाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला एकाच मापानं? 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग होता आणि मग शेती. 2011 मध्ये शेती वर आली. तो क्रम माणसांनी बदलला. पाळ्या ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतही माणसंच बसतात. मॉडेल फार तर एवढं सांगेल की हेडच्या उसाला एक पाळी जास्त दिली तर टेलची कोणती पाळी बुडते.