‘डीसीवरच्या एलईडीमुळे रेडिओत व्यत्यय येत नाही’ हे खरं नाही

बोटीवाल्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: ‘एलईडी दिवे बारा व्होल्ट डीसीवर (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर) चालतात, त्यामुळे व्हीएचएफ रेडिओत (बोटीवरच्या बोलण्याच्या रेडिओत) व्यत्यय येत नाही. खरखर नसेल तर सगळं ठीक. आलीच, तर वायरवर फेराइट (व्यत्यय अडवणारं चुंबकीय कडं) चढवा.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

बॅटरी डीसी देते, मान्य. पण बऱ्याच एलईडी दिव्यांत एक ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असतो आणि तो सेकंदाला हजारो-लाखो वेळा करंट चालू-बंद करतो. त्यातून निघणारी हार्मोनिक्स, म्हणजे त्या वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या मरीन व्हीएचएफ पट्ट्यापर्यंत पोचू शकतात. दिव्याची वायरच मग अँटेना बनते. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा तर खऱ्या अँटेनाला खेटूनच असतो.

‘खरखर नाही म्हणजे ठीक’ हे सगळ्यात घातक. खरखर दाबणं हेच तर स्क्वेल्चचं, म्हणजे रेडिओवरच्या त्या नियंत्रणाचं, काम! गोंगाट वाढला की आपण स्क्वेल्च आणखी चढवतो, आणि लांबून येणारी क्षीण हाक त्याखाली गडप होते. एआयएसवर (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेवर) तर कानाला काहीच कळत नाही, पडद्यावरची जहाजं फक्त कमी होतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याच धोक्याबद्दल सुरक्षा इशारा काढला होता.

त्यात दिलेली चाचणी कुणालाही करता येते. सगळे एलईडी बंद करा. रेडिओ एखाद्या शांत चॅनलवर लावा. खरखर ऐकू येईपर्यंत स्क्वेल्च उतरवा, मग ती जेमतेम थांबेल इतकाच चढवा. आता दिवे लावा. खरखर परत आली, तर गुन्हेगार सापडला. मी यात एवढीच भर घालेन की दिवे एकेक करून लावा, म्हणजे नेमका कोणता ते कळेल. बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा), इन्व्हर्टर, चार्जर यांचीही अशीच झडती घ्या.

फेराइट उपयोगी आहे, पण व्हीएचएफसाठी योग्य मटेरियलचं हवं आणि दिव्याच्या अगदी जवळ हवं. प्लस-मायनस दोन्ही वायरी एकाच कड्यातून न्या. एकच वायर घातली आणि करंट जास्त असला, तर कडं सॅच्युरेट होऊन (चुंबकीय क्षमता संपून) निकामी ठरतं. शिवाय दिव्याच्या सर्किटमधूनच थेट होणारं उत्सर्जन वायरीवरचं कडं थांबवू शकत नाही. तिथे दिवा बदलायचा किंवा अँटेना लांब न्यायची.