सूट होती, पण कशावर?

वर्षअखेरच्या सेलमध्ये डिजिटल आरपीजी पुस्तकांवरच्या (आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत खेळायचे रोल-प्लेइंग गेम) सवलती ‘फिक्या’ होत्या असं तुमच्या लेखात म्हटलंय. फारच सौम्य शब्द वापरलात! मी तीन आठवडे विशलिस्ट धरून बसलो होतो. सेल उघडला तर मुख्य नियमपुस्तकावर दमडीची सूट नाही, आणि घसघशीत सूट कशावर, तर कुणी ढुंकून न पाहिलेल्या जुन्या साहसकथांवर.

छापील पुस्तक महाग का, हे कळतं. कागद, बांधणी, गोदाम, वाहतूक. पीडीएफला यातलं काय लागतं? लेखन, चित्रं, मांडणी यांचा खर्च आहे, मान्य (चित्रकारांचे पैसे कापा असं कुणी म्हणत नाहीये), पण तो एकदाच होतो. शिवाय पीडीएफ निदान आपल्याकडे राहते. काही ठिकाणी पुस्तक फक्त त्यांच्या साइटवरच उघडतं. आमचा डाव ऐन रंगात आला असताना नेट गेलं आणि गेम मास्टर (डाव चालवणारा) ‘ग्रॅपल’चा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवण्याचा, नियम शोधायचा सोडून लॉगिनच्या पानाकडे बघत बसला. गॉब्लिन तसाच मानगूट धरून उभा!

गंमत म्हणजे मूळ नियम बऱ्याचदा फुकटच मिळतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी (मूळ नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला आहे, पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाचे नियम आर्काइव्ज ऑफ नेथिस या साइटवर वाचता येतात. यंदा आम्ही तेवढ्यावरच नवी मोहीम सुरू केली. विशलिस्ट आहे तिथेच आहे.