‘पैसा फक्त इकडचा तिकडे’? नाही, मुळीच नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘बँका आपलेच पैसे आपल्याला व्याजाने देतात, विमा म्हणजे जुगार, शेअर बाजार म्हणजे सट्टा. वित्त क्षेत्र काहीच निर्माण करत नाही.’ हे वाचून कुणी चालू विमा मोडला तर भोगावं त्याच्या घरच्यांना लागतं, म्हणून हे उत्तर.

‘आपलेच पैसे आपल्याला.’ कर्ज देताना बँक कुणा ठेवीदाराच्या खात्यातून रक्कम उचलत नाही. वहीत एकीकडे कर्ज मांडते आणि तेवढीच ठेव कर्जदाराच्या खात्यात जमा करते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून वाट्टेल तेवढं कर्ज वाटता येतं असं नाही. त्यासाठी स्वतःचं भांडवल लागतं. शिवाय घरकर्ज वीस वर्षांनी फिटतं आणि ठेवीदार उद्या सकाळी दारात उभा राहू शकतो. ही तफावत रोज सांभाळणं हेच बँकेचं काम.

‘विमा म्हणजे जुगार.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जुगारात नसलेली जोखीम ओढवून घेतात, विम्यात असलेली वाटून घेतात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक अनोळखी माणसाच्या आयुष्यावर पॉलिसी काढत आणि तो कधी मरतो याची वाट पाहत. तो खराच जुगार होता. १७७४ च्या कायद्याने तो थांबवला: ज्याच्या जगण्या-मरण्याशी तुमचा हितसंबंध नाही, त्याच्यावर पॉलिसी नाही. आणि ‘काहीच झालं नाही, हप्ता वाया गेला’ असं म्हणू नका. त्या वर्षी ज्याचं घर जळालं, त्याच्या भिंती त्या हप्त्यांतून उभ्या राहिल्या.

‘शेअर बाजार म्हणजे सट्टा.’ सट्टा चालतो, खरं आहे. पण उद्या विकताच येणार नसेल तर कंपनीचे नवे शेअर आज घेईल कोण?

आता मेसेजमध्ये नसलेली, पण खरी तक्रार: ही सेवा महाग आहे. अर्थतज्ज्ञ थॉमस फिलिपॉन यांनी अमेरिकेतला शंभराहून जास्त वर्षांचा हिशेब मांडला. संगणक आले, तरी मध्यस्थीचा खर्च, म्हणजे बचत करणाऱ्याचा पैसा वापरणाऱ्यापर्यंत पोचवण्याचा खर्च, त्या रकमेच्या दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. दोन टक्के किरकोळ वाटतात. पण ८ टक्क्यांनी १०० चे ३० वर्षांत १००६ होतात. दरवर्षी दोन टक्के शुल्क गेलं, म्हणजे ६ टक्केच हाती आले, तर ५७४. आपल्या गुंतवणूक योजनेच्या माहितीपत्रकात हा शुल्काचा आकडा किती आहे, ते आजच काढून बघा.