टपाली मतदान बंद झालेलं नाही

‘ट्रम्प यांनी अमेरिकेतलं टपाली मतदान बंद केलं, तसंही ते जगात दुसरीकडे कुठेच नाही,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. 18 ऑगस्ट 2025 ला ट्रम्प यांनी ते संपवण्याची मोहीम जाहीर केली, पण ते बंद झालेलं नाही. तिथल्या राज्यघटनेनुसार निवडणुकीची पद्धत राज्यांची विधिमंडळं ठरवतात. संसदेच्या निवडणुकीपुरता त्यात बदल करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला आहे, अध्यक्षांना नाही. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात तर जवळपास अख्खी निवडणूकच टपालावर चालते. मतदार पाकिटावर सही करतो, ती नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात आणि जुळली तरच मत मोजायला घेतात. जर्मनी, ब्रिटन, स्वित्झर्लंडमध्येही टपालाने मतं पडतात. आपल्याकडच्या सीमेवरच्या जवानांची मतं तरी वेगळी कशी येतात? कृपया मेसेज पुढे पाठवू नका.